नाशिकच्या निवासी शाळा आणि उन्हाळी शिबिर: शिबिर पाहून शाळा कळते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा यंदा पाचवीत जाईल, पुढच्या वर्षी सहावीपासून त्याला नाशिकच्या एखाद्या सैनिकी निवासी शाळेत घालायचा विचार आहे. आजोबांचं म्हणणं, आधी मे महिन्यातल्या शिबिराला पाठवा, म्हणजे शाळा कशी आहे ते कळेल. या शाळा आणि त्यांची शिबिरं मुळात आली कुठून, आणि शिबिरावरून शाळेचा अंदाज खरंच येतो का?

ताई, माझी सगळी नोकरी वसतिगृहात गेली. आधी व्यायामशिक्षक, पुढे रेक्टर म्हणजे वसतिगृहप्रमुख, आणि सुट्टी लागली की शिबिराची जबाबदारी. म्हणून उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. शिबिराला जरूर पाठवा, पण शाळा जोखण्यासाठी पाठवू नका. दहा-पंधरा दिवसांत तुम्हाला तुमचा मुलगा कळेल. शाळा कळायला जुलै-ऑगस्टमधला एखादा साधा, पावसाचा, कार्यक्रम नसलेला दिवस पाहावा लागतो. असं का, ते समजायला या दोन्ही गोष्टींचा इतिहास थोडा उलगडावा लागेल. नाशिककरांना तो आपल्याच शहरात फिरून पाहता येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निवासी शाळा नाशिकला का रुजल्या याचं एक कारण रेल्वे. १८६५ मध्ये थळ घाट, म्हणजे आपला कसारा घाट, चढून जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, गाडी वर आली आणि मुंबई नाशिकच्या हाताशी आली. उंची समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर, हवा कोरडी, उन्हाळ्यातही पहाटे गारवा. देवळालीला लष्कराची छावणी होती. देवळालीची बार्न्स शाळा याच हवेला आली. तिचं मूळ मुंबईत १७१८ साली रेव्हरंड रिचर्ड कॉब यांनी काढलेल्या धर्मादाय शाळेपर्यंत मागे जातं. १८१५ मध्ये आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांनी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, भायखळ्याला तिच्या शाळा चालल्या आणि १९२५ मध्ये सगळा संसार देवळालीला हलला. तिथे मुलं आणि मुली दोन्ही, आणि सगळी घडी इंग्रजी निवासी शाळेची.

पण माझ्या मते नाशिकच्या वसतिगृहांचा खरा पाया गंगापूर रोडच्या बाजूला आहे. १९१४ मध्ये रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे अशा मंडळींच्या, आणि पुढे काकासाहेब वाघ, भाऊसाहेब हिरे यांच्या, कष्टांतून मराठा विद्या प्रसारक समाजाचं काम उभं राहिलं, आणि त्याची सुरुवात शाळेने झाली नाही, बोर्डिंगने झाली. हे नीट लक्षात घ्या. निफाड, दिंडोरी, सटाण्याच्या शेतकऱ्याच्या पोराला नाशिकला शाळा होती. नव्हती ती राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण. शहरात ओळखीचं घर नाही, भाड्याला पैसे नाहीत, म्हणून चौथीनंतर शिक्षण थांबायचं. बोर्डिंग निघालं आणि शाळेचं दार त्या पोरांसाठी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उघडलं. धारच्या उदाजीराव पवार महाराजांच्या नावाने ते उदोजी मराठा बोर्डिंग झालं, आणि त्याच्या इमारतीची पायाभरणी १५ एप्रिल १९२० रोजी राजर्षी शाहू महाराजांच्या हस्ते झाली.

शाहू महाराजांनी ही वाट आधी कोल्हापुरात तयार केली होती. तिथला पहिला अनुभव फार बोलका आहे. १८९६ मध्ये सगळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढलं, तर प्रत्यक्षात ते एकाच वर्गाच्या मुलांनी भरलं. बाकीच्या जातींची मुलं तिथपर्यंत पोचलीच नाहीत. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, आणि पुढे मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी जातवार वसतिगृहांची मालिका उभी राहिली. जातवार वसतिगृह हे साधन आहे, जात मोडणं हे ध्येय आहे, ही त्यांची भूमिका होती. आज या गोष्टीवर कुणी वाद घालतं तेव्हा मी एवढंच विचारतो की त्या पोराला त्या वर्षी दुसरीकडे कुठे ताट मिळणार होतं?

याच परंपरेत साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटील उभे राहिले. जातिधर्माची पंगत एक करून त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. आणि आपल्या उत्तरेला, अमळनेरला, साने गुरुजी. १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये शिकवताना ते छात्रालय सांभाळत होते. मुलांसाठी ते रोज हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. शिकवून आल्यावर, रात्री, रोज. वसतिगृहाचा अधीक्षक कसा असावा हे कुणी मला विचारलं की मी नियमांचं पुस्तक काढत नाही, हे एक उदाहरण देतो. मुलं झोपल्यावर त्यांच्यासाठी काहीतरी करत बसलेला माणूस ज्या इमारतीत आहे, ते वसतिगृह. नाहीतर ती नुसती झोपायची जागा.

आता सैनिकी शाळेकडे येतो, कारण तुमचा प्रश्न तिथला आहे.

नाशिकमध्ये मुलांच्या सैनिकी निवासी शाळेचं नाव निघालं की भोसला मिलिटरी स्कूल. संस्थापक डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे. जन्म १८७२, बिलासपूर. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर, पुढे नागपूरचे नामांकित नेत्रवैद्य. बोअर युद्धात ते वैद्यकीय पथकातून दक्षिण आफ्रिकेला गेले होते, म्हणजे युद्ध त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. १९३५ मध्ये त्यांनी सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९३७ मध्ये नाशिकला शाळा सुरू झाली. आवाराचं नाव रामभूमी, विद्यार्थ्याला म्हणायचं रामदंडी. शाळेसाठी मुंजे नाशिकलाच येऊन राहिले आणि मार्च १९४८ मध्ये इथेच वारले.

ही शाळा का निघाली ते समजायला त्या काळच्या फौजेची स्थिती माहीत हवी. १८५७ नंतर इंग्रजांनी ‘लढाऊ जमाती’ची कल्पना पक्की केली: अमुक जाती, अमुक प्रांत लढाऊ, बाकीचे नाहीत. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली, आणि ज्यांचे बाप-आजे फौजेत सुभेदार होते त्यांच्या पोरांना दार बंद झालं. अधिकारी होणं तर आणखी दूर. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या गेल्या. सबंध देशासाठी दहा. १९२२ मध्ये डेहराडूनला प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या नावाने मुलांसाठी लष्करी विद्यालय निघालं, १९३२ मध्ये तिथेच इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली. पहिल्या तुकडीत ४० कॅडेट. म्हणजे अकॅडमीचं दार थोडं उघडलं, पण तिथपर्यंत पोचायला लागणारी तयारी, घोडा, बंदूक, इंग्रजी, शरीर, शिस्त, ही मध्यमवर्गीय मराठी घरातल्या मुलाकडे कुठून येणार? ही पोकळी भरायची म्हणून ही शाळा.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती वगळून इतिहास सांगणं मला पटत नाही. मुंजे गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले होते. परतताना, मार्च १९३१ मध्ये, ते इटलीत थांबले, तिथल्या लष्करी संस्था आणि मुलांच्या ‘बालिल्ला’ संघटना पाहिल्या आणि मुसोलिनीला भेटले. त्यांनी हे स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. कवायतीत उभ्या राहिलेल्या मुलांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. शाळेच्या कल्पनेत जसा देशी अधिकारी घडवण्याचा हेतू होता, तसाच त्या काळच्या युरोपातल्या या प्रयोगांचाही प्रभाव होता. मुलांना एका रांगेत उभं करण्याची ताकद किती मोठी असते, आणि ती कोणाच्या हाती जाते यावर किती अवलंबून असतं, हे त्यानंतरच्या पंधरा वर्षांत युरोपने भोगलं. माझ्यासारख्या शिट्टी हातात धरून आयुष्य काढलेल्या माणसाने हे विसरता कामा नये असं मला मनापासून वाटतं. शिस्त मुलाला स्वतःच्या पायावर उभं करण्यासाठी असते. त्याने विचार करणं सोडावं यासाठी नसते. कुठल्याही सैनिकी शाळेत पाहायची पहिली गोष्ट हीच: कवायतीनंतर वर्गात मुलगा हात वर करून शंका विचारतो का?

स्वातंत्र्यानंतरचं चित्र लवकर सांगतो. १९४८ मध्ये एनसीसी, म्हणजे राष्ट्रीय छात्र सेना, आली. १९५५ पासून एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, खडकवासल्याला. १९६१ मध्ये देशातलं पहिलं सैनिक स्कूल साताऱ्यात. १९७७ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, जी अकरावी-बारावीच्या मुलांना एनडीएसाठी तयार करते. १९९५ नंतर राज्याच्या धोरणाने जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिकी शाळा निघाल्या. पालकांचा गोंधळ इथे होतो, म्हणून नीट वेगळं करून घ्या. संरक्षण मंत्रालयाच्या सैनिक स्कूल सोसायटीचं सैनिक स्कूल वेगळं, त्याला देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. राज्याच्या योजनेतली अनुदानित सैनिकी शाळा वेगळी. आणि खाजगी संस्थेने चालवलेलं मिलिटरी स्कूल आणखी वेगळं. गणवेश तिन्हीकडे खाकी दिसतो. फी, शिक्षकांच्या नेमणुका, तपासणी, सगळं निराळं. शाळेत गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा की तुम्ही या तिघांपैकी कोण. आणि हे सांगितल्याशिवाय राहवत नाही: २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एनडीएचं दार मुलींना उघडलं, आणि मुलींची सैनिकी सेवापूर्व संस्था आपल्या नाशिकलाच सुरू झाली. धाकटी बहीण असेल तर तिलाही हे सांगून ठेवा.

शिबिराचा उगम पाहायला थोडं लांब जावं लागेल, अमेरिकेत. कनेक्टिकट राज्यात वॉशिंग्टन नावाच्या लहान गावात फ्रेडरिक गन या मास्तराने आणि त्याची पत्नी अॅबिगेल हिने १८५० मध्ये मुलांची निवासी शाळा काढली. गन गुलामगिरीचा कट्टर विरोधक, त्यापायी गावाचा रोष पत्करलेला माणूस. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि शाळेतल्या पोरांच्या अंगात सैनिक शिरला: आम्हाला तंबूत राहायचंय, कूच करायचीय. गन दांपत्याने त्यांना ओरडून गप्प केलं नाही. सबंध शाळा घेऊन ते सुमारे चाळीस मैल चालत मिलफर्डच्या समुद्रकिनाऱ्यावर गेले आणि दोनेक आठवडे तिथे तंबू ठोकून राहिले. होड्या, मासेमारी, पोहणं, रात्री शेकोटी. अमेरिकेतलं पहिलं संघटित उन्हाळी शिबिर म्हणून हेच सांगितलं जातं. पुढे ती प्रथा एका तलावाकाठी काही वर्षं चालू राहिली. ती शाळा आजही आहे. १९७७ पासून तिथे मुलीही शिकतात.

यातली कळीची गोष्ट पाहा. शिबिराला गेलेली पोरं शाळेचीच होती, नेणारे मास्तर तेच होते, आणि मास्तरीणबाईही सोबत होत्या. वर्षभर ज्यांना एकमेकांची खोड माहीत, तीच माणसं छपराबाहेर पडली. म्हणून त्या शिबिरात शाळा दिसत होती.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमध्ये ब्राउन्सी बेटावर जे शिबिर घेतलं त्याची जात वेगळी. वीसेक मुलं, काही ईटन-हॅरोसारख्या श्रीमंती शाळांतली, काही आसपासच्या गावांतल्या कामगारांच्या घरची. अनोळखी मुलं एका तंबूत घालायची आणि टोळी करून कामं वाटून द्यायची. स्काउट चळवळ तिथून निघाली आणि आपल्याकडेही शाळाशाळांत पोचली. आपल्या शाहू महाराजांना वसतिगृहाच्या पंगतीतून जे साधायचं होतं, त्यातला काही भाग त्या बेटावर आठवड्याभरात साधायचा प्रयत्न होता. मला हे दोन प्रयोग नेहमी एकत्र आठवतात.

आपल्याकडे उन्हाळ्याची सुट्टी रिकामी जात होती असं मात्र मुळीच समजू नका. तालमी आणि व्यायामशाळा होत्या. मल्लखांबाचे बाळंभटदादा देवधर आपल्याच भागातले. सप्तशृंगगडावर त्यांना या विद्येची प्रेरणा मिळाली ही आख्यायिका नाशिकच्या प्रत्येक आखाड्यात सांगितली जाते. पुढे व्यायामशाळांचे उन्हाळी वर्ग निघाले, संघाचे वर्ग, १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाची शिबिरं, मग एनसीसीचे दहा दिवसांचे वार्षिक कॅम्प. विचार वेगवेगळे, पण सकाळची शिट्टी, लेझीम, श्रमदान, पत्रावळीवरचं जेवण, रात्रीची शेकोटी आणि शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिकं ही घडी सगळीकडे जवळपास एकच.

आजचं निवासी शाळेचं उन्हाळी शिबिर या सगळ्यांचं नातवंड आहे. एप्रिलमध्ये परीक्षा संपतात, शाळेची मुलं घरी जातात, वसतिगृहं आणि मैदानं मोकळी होतात, घोडे तर तबेल्यात असतातच. मग बाहेरच्या मुलांसाठी शिबिर. घोडेस्वारी, एअर रायफल, अडथळ्यांची शर्यत, रॅपलिंग म्हणजे दोरीने कडा उतरणं, अंजनेरी किंवा रामशेजची चढाई. शिबिरार्थी नवे, प्रशिक्षकांपैकी बरेच त्या महिन्यापुरते आलेले, स्वयंपाकी कधी ठेकेदाराचे. वर्ग नाही, गृहपाठ नाही, परीक्षा नाही, मोठ्या वर्गांतली मुलं नाहीत. म्हणजे निवासी शाळेला निवासी शाळा करणारं जे जे काही आहे, ते त्या महिन्यात जागेवर नसतं. इमारत तीच, पण वर्षभराची शाळा त्या वेळी गावी गेलेली असते. यात शाळेची फसवणूक काही नाही. शिबिर स्वतःच्या जागी चांगली गोष्ट आहे. फक्त ते शाळेचा नमुना नाही.

मुलाचं मात्र सगळं दिसतं. पालकांना वाटतं पहिली रात्र कठीण. माझा अनुभव, पहिल्या रात्री मुलं दमून झोपतात, नवलाईही असते. कठीण जाते तिसरी-चौथी. त्या रात्री मी फेरीला निघताना टॉर्चचा झोत जमिनीवरच ठेवतो, चेहऱ्यावर कधीच मारत नाही. चेहरा पाहायची गरजही नसते. मे महिन्याचा उकाडा, सगळी पोरं बनियनवर, चादरी पायाशी लोळतायत, आणि एखादंच पोर भिंतीकडे तोंड करून डोक्यावरून चादर ओढून निजलेलं. त्याला तिथे हलवायचं नाही, ‘रडतोस का’ तर अजिबात विचारायचं नाही. बाकीच्यांनी ऐकलं तर सकाळपर्यंत त्याचं नाव पडतं. खोकल्यासारखं करायचं, बाजूच्या रिकाम्या कॉटवर दोन मिनिटं बसायचं, उशाशी पाण्याची बाटली सरकवायची आणि पुढे जायचं. सकाळी त्याच पोराला न्याहारीच्या रांगेत वाढप्या करायचं. हातात पळी आली की चाळीस मुलं त्याच्यासमोरून जातात, ‘अजून थोडं दे ना’ म्हणतात, त्याला नावाने हाक मारतात. दुपारपर्यंत त्याचा गट तयार झालेला असतो. सगळ्यांच्या बाबतीत हे जमतंच असं नाही. काही मुलं सातव्या दिवशीही ताट पुढे सारतात, आणि ते मूल कमकुवत असतं म्हणून नव्हे, त्याचं वय अजून घरचं असतं म्हणून. तो निरोप पालकांना स्पष्ट द्यावा लागतो.

शिबिर संपल्यावर शिबिरप्रमुखाला ‘कसा होता’ असं मोघम विचारू नका. ‘छान होता’ असंच उत्तर मिळेल. नेमकं विचारा. चौथ्या रात्री झोपला का? वळकटी स्वतः बांधत होता की मित्राकडून बांधून घेत होता? हरल्यावर काय केलं? कुणी चिडवलं तर सांगायला आला का, आणि कुणाकडे आला? ज्या शिबिरप्रमुखाला तुमच्या मुलाबद्दल यातल्या दोन प्रश्नांचीही उत्तरं देता येत नाहीत, तिथे मुलांमागे माणसं कमी होती असं समजा.

सुरक्षेबद्दल थोडं, कारण इथे संकोच नको. नाशिकचा मे महिना चाळीस अंशांकडे जातो. चढाई असेल तर पहाटे पाचच्या आत निघून नऊच्या सुमारास मुलं खाली आलेली असली पाहिजेत. दुपारी अकरा ते चार मैदान बंद. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार असे उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. रॅपलिंग, कयाकिंग असेल तर नोंदणीचा कागद मागा. गंगापूर धरणाच्या काठी नेणार असतील तर लाइफ जॅकेट आणि प्रशिक्षित जीवरक्षक किती, हे लेखी घ्या. विचारल्यावर जो माणूस नाराज होतो त्याच्याकडे मूल सोपवू नये. चांगला शिबिरप्रमुख या प्रश्नांनी खूश होतो, मी तर होतो.

शाळा पाहायची ती जुलैत, एखाद्या मधल्या वारी, आणि जेवणाच्या वेळेला. फी भरायच्या खिडकीशी थांबू नका, मेसच्या दाराशी थांबा. लहान मुलांना आधी वाढतात की मोठी मुलं पुढे घुसतात? शिक्षक त्याच पंगतीत, तेच जेवतात का? मग वसतिगृह. पावसात वाळत घातलेले मोजे कुठे आहेत ते बघा. ओले कपडे वाळवायची सोय नसेल तर ऑगस्टमध्ये अर्धी खोली खरजेने खाजवत बसते. संडास-मोरीला कडी आहे का, रात्रीचा दिवा आहे का. रेक्टर आवारातच राहतात का, आणि कुटुंबासह राहतात का. गनची शाळा काय, कर्मवीरांचं वसतिगृह काय, तिथे मुलांना माया देणारी बाई होती. लक्ष्मीबाई भाऊराव पाटलांनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले. आजच्या शाळेत ती जागा मेट्रन किंवा रेक्टरच्या घराने भरलेली असते, किंवा रिकामी असते. ते एका फेरीत कळतं.

शिक्षेचा विषय थेट काढा. ‘सैनिकी शाळा आहे, थोडं चालायचंच’ हे उत्तर मान्य करू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा १९९९ पासून आहे, आणि मुलांच्या लैंगिक अत्याचाराबाबत पॉक्सो २०१२ पासून. मुलाला तक्रार करायची तर ती रेक्टरला वगळून कुणाकडे करता येते, याचं उत्तर शाळेकडे तयार हवं. आणि घरी, जाण्याआधी, मुलाशी तुम्ही स्वतः बोला: अंगाला हात, गुपित ठेवायला सांगणं, धमकी, यातलं काहीही झालं तर तू चुकलास असं आम्ही कधी म्हणणार नाही. शिबिराच्या आधीही हे बोला. हे वाक्य मुलाच्या कानावर एकदा पडलेलं असणं मला ट्रंकेतल्या कुठल्याही सामानापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आजोबांना माझा नमस्कार सांगा. त्यांची सूचना चांगलीच आहे. त्यांना फक्त एवढं समजावा की शिबिरातून परत आलेल्या नातवाला ‘शाळा आवडली का’ हे विचारू नये. त्याने शाळा पाहिलेलीच नाही. दोन-चार दिवस जाऊ द्या. तो आपणहून कुणाची नावं सांगतो, कोणत्या गोष्टीवर हसतो, रात्री एकटा झोपतो का, ते पाहा. मग जुलैत तिघं मिळून शाळा पाहायला या, आणि मुलाला वसतिगृहातल्या सातवीच्या मुलांबरोबर अर्धा तास एकटं सोडा. पालकांना जे सांगितलं जात नाही ते त्याला तिथे कळेल.

आणि तो ‘नाही’ म्हणाला तर घाई करू नका. सैनिक स्कूलला सहावीसाठी ३१ मार्चला वय दहा ते बारा लागतं, पण नववीलाही प्रवेश असतो, आणि इतर सैनिकी शाळांमध्येही मधल्या वर्गांत जागा निघतात. बारावीनंतर एनडीएला बसण्यासाठी तर निवासी शाळेची अटच नाही. एनसीसी, चांगलं गणित आणि सकाळचं धावणं घरी राहूनही होतं. अकराव्या वर्षी रडत आलेली आणि तेराव्या वर्षी स्वतःहून फॉर्म घेऊन आलेली मुलं मी पाहिली आहेत. दुसऱ्या खेपेला त्यांची वळकटी त्यांनीच बांधलेली असते.